डोकं आणि मान : सर्व नॉर्मल

२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. या कॉलेजात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेईल असं कुणी उरलेलं नाही. कागद निदान मधेच जांभई देणार नाही.

मी नर्सिंग कॉलेजात हेल्थ असेसमेंट शिकवतो, म्हणजे पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं कसं ते. त्यातही डोकं आणि मान हा माझा प्रांत. छाती-पोट बाकीचे शिकवतात. शिकवू देत. छातीवर स्टेथोस्कोप टेकवला की आतून आपोआप आवाज येतो, त्यात शिकवणाऱ्याचं कर्तृत्व ते काय? मानेला बोटं लागतात. तशी बोटं या कॉलेजात एकूण दहा आहेत. सगळी माझी.

या वर्षीचा संकल्प एकच. उपप्राचार्यपद. जागा केव्हाची रिकामी आहे. स्पर्धेत दोघंच, मी आणि शिट्टी. शिट्टी म्हणजे बालरोग शिकवणारी आमची सहकारी. तिच्या पुढच्या दातांत फट आहे, त्यामुळे 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. मुली तिच्या तासाला हसतात. माझ्या तासाला एकही मुलगी कधी हसलेली नाही. प्राचार्या बाईंना एवढा फरक कळत असेल तर प्रश्नच मिटला.

आवाज जरा बसलाय. दगडांसमोर बोललं की बसतो.

१० जानेवारी

शर्टांच्या कॉलरी आवळायला लागल्यात. सगळ्याच शर्टांच्या. हिने कपडे गरम पाण्यात टाकले असणार. विचारलं. म्हणाली, शर्ट तेच, पाणी तेच, मशीन तेच, बदललंय काय ते आरशात बघा. मी समजावलं, की मानेचा घेर वाढलाच असेल तर तो स्नायूंमुळे. आयुष्यभर मान ताठ ठेवणाऱ्या माणसाचे स्नायू बळकट होतात. ती म्हणाली, एकाच बाजूचे?

पोस्टात काउंटरवर बसणाऱ्या बाईशी शरीररचनेवर वाद घालायचा नसतो. घातला नाही.

वरचं बटण उघडं ठेवून वर टाय ओढला. दिवसभरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. निरीक्षण ही असेसमेंटची पहिली पायरी. या कॉलेजात सगळे पहिल्याच पायरीवर घसरून पडलेले आहेत.

१७ जानेवारी

मीटिंग. कॉलेजच्या लॉबीत मोठा टीव्ही लावणार आहेत. प्रत्येक विभागाने शिकवण्याचा एक व्हिडिओ करून द्यायचा. शिट्टीने लगेच हात वर केला, ती बाळाला अंघोळ घालून दाखवणार म्हणे. बाळसुद्धा खोटं, बाहुली. टाळ्या वाजल्या.

मी जाहीर केलं की डोकं आणि मान या विषयाचा संपूर्ण व्हिडिओ मी करणार आणि पेशंट म्हणून मीच बसणार. शिट्टी म्हणाली, थायरॉइड तपासायला पेशंटच्या मागे उभं राहावं लागतं, मग मागे कोण? मी म्हटलं, मागे उभं राहायला फारशी अक्कल लागत नाही, कुणीही चालेल. प्राचार्या बाई हसल्या. म्हणजे मनातून माझ्या बाजूच्या आहेत.

२५ जानेवारी, रविवार

शूटिंग. आमच्याच बाहेरच्या खोलीत. मेहुणा कॅमेरा घेऊन आला. हा हिचा धाकटा भाऊ, तिशी उलटली तरी 'काहीतरी क्रिएटिव्ह करतोय' असं लोकांना सांगावं लागतं. मागे उभी ही. पांढरा कोट माझाच घातला होता, बाह्या दुमडून.

सुरुवात उत्तम. टाळू, केस, कपाळ, गालांच्या हाडांखालच्या पोकळ्या, कानाची पाळी, जबडा. मी बोलत होतो, ही हात फिरवत होती. बऱ्याच वर्षांनी हिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या वेळी मी सूचना देत होतो त्यामुळे तिकडे लक्ष देता आलं नाही.

मग थायरॉइड. मी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, आता पेशंटला घोटभर पाणी गिळायला सांगावे. गिळलं. हिचे हात तिथेच थांबले. म्हणाली, अहो, इथे लिंबाएवढं काहीतरी आहे. मी म्हटलं, तो कंठमणी. ती म्हणाली, कंठमणी मधे असतो, हे डावीकडे आहे. कॅमेऱ्यामागून मेहुणा म्हणाला, भावोजी, खरंच, गिळलं की काहीतरी वर जातं आणि खाली येतं, मी झूम करून घेतलंय.

एका पोस्टातल्या बाईने आणि एका बेकार माणसाने मिळून माझ्याच मानेवर माझ्याच घरात मत द्यावं! मी म्हटलं, हा प्रकाशाचा खेळ आहे, दिवा बदला. दिवा बदलला. तो म्हणाला, आता जास्त दिसतंय.

संध्याकाळी ही म्हणाली, एकदा डॉक्टरकडे दाखवून या. मी म्हटलं, मी दाखवून येणारा माणूस नाही, दाखवणारा माणूस आहे. वाक्य चांगलं झालं. लेक्चरमध्ये वापरावं.

२ फेब्रुवारी

व्हिडिओ लॉबीत लागला. तुफान. शिट्टीच्या बाहुलीसमोर दोन-चार मुली, माझ्या मानेसमोर गर्दी. मुद्दाम खांबाआड उभा राहून पाहिलं. मुली व्हिडिओ मागे नेऊन पाणी गिळण्याचा भाग पुन्हा पुन्हा बघत होत्या. एक बोट दाखवून दुसरीला काहीतरी समजावत होती. आयुष्यात पहिल्यांदा या वर्गाला ज्ञानाची भूक लागलेली पाहिली. डोळे भरून आले. धूळही होती.

प्राचार्या बाई जिन्यात भेटल्या. माझ्याकडे, म्हणजे जरा खालीच, गळ्याकडे बघत म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना? हल्ली आवाज फार बसलेला असतो. मी म्हटलं, एकदम ठणठणीत, कोणतीही जास्तीची जबाबदारी पेलू शकतो. त्या मान हलवून वर निघून गेल्या. वरिष्ठ पदाच्या गोष्टी जिन्यात बोलत नसतात.

चहाच्या वेळी शिट्टी जवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, सोनोग्राफी करून घ्या सर, उगीच अंगावर काढू नका. 'सोनोग्राफी'तला 'सो' एवढा वाजला की शिपाई वळून बघायला लागला. माझ्या व्हिडिओमुळे हिच्या पोटात दुखतंय, आणि सोनोग्राफी म्हणे मी करू!

१२ फेब्रुवारी

घास अडकतो. जेवण फार कोरडं बनवते ही. सांगितलं. दुसऱ्या दिवशी सूप दिलं. सूपही अडकलं. बहुतेक दाट होतं.

डाव्या कुशीवर झोपलं की दम कोंडतो. उशी बदलली. आणखी एक उशी बदलली. उशा बनवणाऱ्या कंपन्यांचं मानेच्या शास्त्राशी काही देणंघेणं राहिलेलं नाही.

गळाबंद स्वेटर वापरायला सुरुवात. थंडी संपली तरी चालेल. रुबाबदार दिसतो.

मी स्वतः आरशासमोर तपासलं. थायरॉइड लागला नाही. पुन्हा तपासलं. लागला, पण नॉर्मल लागला. तिसऱ्यांदा बोटं ठेवली तेव्हा फोन वाजला, विषय संपला.

२० फेब्रुवारी

प्रॅक्टिकल परीक्षा. दिवसभर. शिस्त म्हणजे काय ते आज कॉलेजला कळलं.

दर वर्षी पेशंट म्हणून एक निवृत्त बस कंडक्टर येतो. खुर्चीत बसतो, बिस्किटं खातो, मान देतो. आज त्याचा निरोप, कंबर धरलीय. अरे, परीक्षेला मान लागते, कंबर राहू दे घरी! पण आला नाही तो नाहीच. मी म्हटलं, अडतंय कुठे? पेशंट मी आणि परीक्षकही मीच. याहून चोख व्यवस्था नाही. पेशंटला काय झालंय हे परीक्षकाला आतून माहीत. माझी मान नॉर्मल, म्हणून उत्तर नॉर्मल.

स्वेटर काढला. कॉलर उघडली. पहिली आली. टाळू, कपाळ, जबडा, कानामागच्या ग्रंथी, सगळं रीतसर. मागे उभी राहून गळ्यावर बोटं ठेवली, म्हणाली, सर, घोटभर पाणी घ्या. घेतलं. पुन्हा घ्या. घेतलं. मग बोटं तिथेच. मी म्हटलं, बोल. म्हणाली, डाव्या बाजूला सूज लागतेय. मी म्हटलं, नीट विचार कर. तिने विचार केला. म्हणाली, नाही सर, सूज नाही. मला बरं वाटलं. मग म्हणाली, गाठ आहे.

नापास.

दुसरी : गाठ. नापास. तिसरी : गाठ, शिवाय श्वासनलिका उजवीकडे ढकलली गेलीय. म्हणजे एकाच्या जागी दोन चुका. चौथीने स्टेथोस्कोप काढून माझ्या गळ्यालाच लावला. उद्धटपणाची हद्द. तोपर्यंत मी इतकं पाणी प्यायलो होतो की परीक्षा मधेच थांबवून जाऊन यावं लागलं.

जेवणाच्या सुट्टीत मात्र चमत्कार झाला. सुट्टीनंतर आलेल्या मुलींची तयारी पाहून थक्क झालो. आत येतात, मानेकडे एकदा बघतात, नॉर्मल म्हणतात. हातसुद्धा लावावा लागत नाही. एक तर दारातूनच म्हणाली, नॉर्मल सर. पैकीच्या पैकी. मी शिकवलेलं मुरायला जरा वेळ लागतो, पण मुरतं.

सर्वांत शेवटी चष्मा. ही मागच्या बाकावरची, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा. शिकायला मिळावं म्हणून लहान मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणून माझ्या तासाला पेंगते. बाहेर सगळ्यांनी तिला काहीतरी सांगितलेलं दिसत होतं. बराच वेळ तपासलं तिने. मग समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, सर, गाठ आहे, डावीकडे, टणक आहे, गिळताना वर सरकते. आणि मग, विचारलेलं नसताना, म्हणाली, सर, प्लीज दाखवून घ्या.

मी सांगितलं, पेशंटला सल्ला देणं या प्रॅक्टिकलमध्ये येत नाही. त्याचेही मार्क कापले. ती म्हणाली, या विषयात गेले तर माझं वर्ष जाईल. मी म्हटलं, मग नॉर्मल म्हणायचं होतंस. ती म्हणाली, माहीत होतं सर.

माहीत होतं! माहीत असून चूक उत्तर देणाऱ्या मुलीला नर्स कशी करायची?

२३ फेब्रुवारी

नापास पाच जणींनी प्राचार्या बाईंकडे अर्ज दिला. कारण काय, तर 'परीक्षकांच्या मानेत गाठ असताना आम्हांला नापास केले.' असं वाक्य कॉलेजच्या इतिहासात कुणी लिहिलं नसेल. मसुदा शिट्टीचा असणार.

घरी हिला हसत हसत सांगितलं. ही हसली नाही. विचारलं, पाचही जणींना एकाच जागी लागली? मी म्हटलं, कट आहे. ती म्हणाली, मीपण कटात आहे का? व्हिडिओच्या वेळी मला कुणी फितवलं होतं? मी म्हटलं, तुझा भाऊ होता की. ती उठून आत गेली. मुद्दे संपले की माणसं आत जातात.

२७ फेब्रुवारी

स्टाफ मीटिंग. विषय एकच, माझी मान. माझ्या नावावर एवढी मोठी मीटिंग यापूर्वी झालेली नाही.

मी म्हटलं, वाद कशाला, शास्त्रीय पद्धतीने निकाल लावू. स्वेटर काढला, खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली, सगळ्यांच्या देखत ग्लासभर पाणी घोटघोट गिळून दाखवलं. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय?

छाती-पोटवाले मान खाली घालून बसले. प्राचार्या बाईंनी चष्मा काढून पुसला. शरीररचनेवाला म्हातारा तर बोलता बोलता थांबला आणि स्वतःचाच गळा चाचपायला लागला. मुद्दा निर्विवाद सिद्ध.

मग शिट्टी उठली. न विचारता माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि गळ्यावर बोटं ठेवली. हात उबदार होते. मुलांना तपासून तपासून सवय असेल. तिने वाकून विचारलं, केव्हाची आहे हो ही? या वाक्यात एकही 'स' नव्हता. त्यामुळे खोलीत कुणाला हसू आलं नाही.

मी म्हटलं, माझा तास आहे. उठलो. तास नव्हता.

२ मार्च

पत्र आलं. वैद्यकीय तपासणी होऊन दाखला मिळेपर्यंत सक्तीची रजा. पाच मुलींचा निकाल रद्द, त्यांची परीक्षा पुन्हा, बाहेरच्या परीक्षकाकडून, हॉस्पिटलच्या वॉर्डात. दारातून 'नॉर्मल' म्हणणाऱ्यांचीही पुन्हा, नंतर. म्हणजे चांगल्या मुलींवरही अन्याय.

रजेचं कारण उघड आहे. मोठी जबाबदारी देण्याआधी माणसाला विश्रांती देतात.

हिनेही रजा टाकलीय. म्हणाली, शुक्रवारी जायचंय, रिक्षा सांगितलीय. मी म्हटलं, मी तयार आहे, मात्र केवळ त्या मुलींचं तोंड बंद करण्यासाठी. ती म्हणाली, कशासाठी का असेना, मोजे घाला.

६ मार्च

सर्जन म्हणजे पोरगा आहे. मिसरूड कालपरवा फुटलेलं. पुढूनच तपासायला लागला. मी सुचवलं, मागून तपासावे. तो मागे गेला. अंगठे कुठे ठेवायचे तेही सांगितलं. त्याने निमूटपणे ऐकलं. चांगला विद्यार्थी होऊ शकतो.

मग विचारलं, आपण काय करता? मी म्हटलं, हेच शिकवतो. हेच म्हणजे? डोकं आणि मान. तो मागून पुढे येऊन बसला. म्हणाला, मग ही एवढी मोठी होईपर्यंत लक्षात कशी आली नाही?

त्याला शास्त्र समजावून सांगितलं. थायरॉइड मागे उभं राहून तपासायचा असतो. माणसाला स्वतःच्या मागे उभं राहता येत नाही.

ही शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला. वादात माझी सरशी झाली की तिला आवडतं, पण बोलून दाखवत नाही.

सोनोग्राफी केली. सुई घालून तपासायला आतला नमुना काढला. दुखलं नाही. फार दुखलं नाही.

११ मार्च

सुईचा रिपोर्ट. 'संशयास्पद.' बास, एवढंच. काय संशय, कुणाला संशय, काही नाही. असा पेपर माझ्या विद्यार्थिनीने लिहिला असता तर मी तोंडावर फेकला असता.

सर्जन पोरगा म्हणाला, साधीही असेल, नसेलही, काढल्याशिवाय सांगता येणार नाही. मी विचारलं, नसेलही म्हणजे? त्याने सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, मी परीक्षा घेत होतो.

बसच्या स्टॉपवर थोडा वेळ बसलो. बस आली. गेली. दुसरी आली, तीही गेली. ही म्हणाली, बसू आणखी. बसलो.

१२ मार्च

आज काही विशेष नाही.

वाढलेलं ताट तसंच राहिलं. ही समोर बसून राहिली, 'मी सांगितलं होतं' एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बोलता आलं असतं.

मेहुणा येऊन गेला. व्हिडिओ लॉबीतून काढायला लावलाय म्हणाला, त्यानेच प्राचार्या बाईंना फोन केला. कुणी सांगितलं होतं या बेकाराला? जाताना माझ्या पाया पडला. मग का कुणास ठाऊक, हिच्या नाही पडला, हिला नुसताच बिलगला.

१६ मार्च

ॲडमिट. उद्या नाही, परवा ऑपरेशन. खाट खिडकीजवळची. चादरीचे कोपरे ढिले. ज्या कुणी खाट लावली तिला कोपरा दुमडायला शिकवलेलंच नाही. कॉलेज कुठलं ते विचारलं. आमचंच.

शिट्टी भेटायला आली, फळं घेऊन. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. शेवटी मीच विचारलं, उपप्राचार्यपदाचं काय झालं? ती खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणाली, कालच पत्र मिळालं, तुम्हांला कुणाकडून तरी कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं.

अभिनंदन केलं. आवाज इतका बसलाय की तिला ते मनापासूनचं वाटलं असणार.

ती हंगामी व्यवस्था आहे हे उघड आहे.

१७ मार्च

फेरपरीक्षा. याच वॉर्डात. सकाळी प्राचार्या बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, थायरॉइडची गाठ असलेला पेशंट सध्या वॉर्डात एकच आहे, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, दुसरं काहीतरी बघू. मी चटकन हो म्हटलं. गाठ आता अधिकृत झालेली आहे. आता या मुलींची खरी परीक्षा. गाठ नसताना गाठ म्हणणं सोपं असतं.

बाहेरून आलेले परीक्षक मला ओळखत नव्हते. 'हे गृहस्थ' म्हणाले. मी सांगायला गेलो की हा विषय मीच शिकवतो. ते म्हणाले, काका, पेशंटने परीक्षेत मधे बोलायचं नाही.

पाचही जणी एकामागून एक आल्या. पडदा ओढला, स्वतःची ओळख करून दिली, हात चोळून गरम केले, काय करणार ते आधी सांगितलं. एवढा नाटकीपणा मी कधी शिकवला नव्हता. टाळू, कपाळ, जबडा, ग्रंथी. घोटभर पाणी घ्या. मी घेत होतो. प्रत्येकीची चूक टिपायची म्हणून डोळे मिटून लक्ष दिलं. दुसरीचं बोट जरा वर पडलं. तिसरीने मानेच्या मागच्या ग्रंथी घाईत उरकल्या. चष्म्याची चूक शोधत होतो तेवढ्यात ती संपवून पुढे आली. माझ्या स्वेटरची कॉलर तिने परत नीट केली, मगच परीक्षकांकडे वळली.

पाचही पास. परीक्षक म्हणाले, या मुलींचा हात चांगला आहे, शिकवलंय कुणी यांना? मी हात वर केला. त्यांना वाटलं मला बाथरूमला जायचंय. त्यांनी वॉर्डबॉयला हाक मारली.

गेलो. नाहीतरी पाणी फार झालं होतं.

संध्याकाळी ही म्हणाली, उद्यासाठी काही सांगायचंय का? मी म्हटलं, कोपरे नीट दुमडून घे. तिने दुमडले. मग खुर्ची जवळ ओढून, माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसली. आज मी सूचना दिल्या नाहीत.

२० मार्च

लिहायला हात चालतो. बोलायला मनाई नाही, पण आवाज नाही. कुजबुज निघते. सर्जन पोरगा म्हणाला, गाठ साधी निघाली, ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेतली, सुटलात. गाठ मोठी होती, आवाजाच्या नसेला चिकटली होती, नस वाचली आहे पण दुखावलीय. आवाज येईल, काही महिने लागतील. कदाचित पहिल्यासारखा नाही येणार.

ही 'साधी' शब्द ऐकून कॉरिडॉरमध्ये जाऊन रडून आली. मी म्हणालोच होतो की नॉर्मल आहे. म्हणजे म्हणणार होतो.

या वॉर्डात नियम आहे, गळ्याच्या ऑपरेशननंतर नर्सने थोड्या थोड्या वेळाने येऊन पेशंटला बोलायला लावायचं. आवाज कसा आहे ते बघून लिहायचं. आयुष्यभर लोक मला थांबवत आले. आता माणूस नेमलाय मला बोलतं करायला. याची जय्यत तयारी केली होती. पडल्या पडल्या मनात मुद्दे जुळवले. वॉर्डातली शिस्त, चादरींचे कोपरे, बाहेरच्या परीक्षकांचा दर्जा, हंगामी नेमणुका.

दुपारी ड्यूटीवर चष्मा आली. टाके बघितले. मानेखालची उशी सरळ केली. हात गरम होते. पेन काढून म्हणाली, सर, काहीतरी बोला.

तोंड उघडलं. निघालं ते 'थँक्यू'.

हे मुद्द्यांमध्ये नव्हतं.

ती म्हणाली, छान, शब्द कळतोय. लिहून घेतलं. मग म्हणाली, आता जरा मोठं वाक्य बोला, सर, कुठलंही चालेल.

ती पेन धरून उभी होती. मला एकही सुचलं नाही.